पान उलटताना

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. बारावीचं वर्ष. बॅगेत फिजिक्सची जाडजूड पुस्तकं आणि हातात मात्र कायम मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर ती माझ्या शेजारी येऊन टेकली, माझ्या मांडीवर पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, पुढचं पान तू उलट. पण हळूच हं." मी उलटलं. पानभर एकच चित्र होतं. इतका वेळ मुलगा म्हणून वावरणाऱ्या पात्राचं उघडं शरीर, आणि ते शरीर मुलाचं किंवा मुलीचं असं चटकन सांगता येण्यासारखं नव्हतं. चित्र देखणं होतं. रेषा इतकी बारीक की केसांतून वारा वाहतोय असं वाटावं. पण भाची चित्राकडे बघतच नव्हती, ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी दचकते का, हे तिला पाहायचं होतं. मैत्रिणींनाही तिने ते पान असंच उलटायला लावलं होतं, आणि कोण किंचाळलं, कोणी डोळ्यांवर हात ठेवला, हे ती मला रंगवून सांगत राहिली. मालिका कोणती ते सांगत नाही, कारण असं एखादं पान असलेल्या मालिका ढिगाने आहेत. पण तिची ती हसरी, टपून बसलेली नजर पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून गेली नाही. त्या नजरेत दुष्टपणा अजिबात नव्हता. म्हणूनच ती जास्त टोचत राहिली.

मी पुण्यात जपानी शिकले तेव्हापासून मांगा वाचते आहे. व्याकरणाच्या पुस्तकांनी नियम दिले, पण बोलणारी, रुसणारी, तोंडात घास असताना भांडणारी माणसं मांगाने दिली. स्वस्त, खरबरीत कागद, बोटाला किंचित लागणारी शाई, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या चौकटी. काही वर्षं वाचल्यावर चित्रकाराच्या खुब्या कळू लागतात. डाव्या पानाच्या तळाशी असलेली शेवटची चौकट ही सगळ्यात मोक्याची जागा. तिथे कोणाचे तरी डोळे विस्फारतात, दाराची कडी वाजते, वाक्य अर्ध्यावर तुटतं. आपलं बोट आपोआप कागदाच्या कडेला जातं. पान उलटलं की समोर भूत, खुनी किंवा अवचित घेतलेलं चुंबन. याच जागी, याच युक्तीने, कोणाचं तरी शरीरही ठेवलं जातं. भुताच्या आणि खुन्याच्या रांगेत. वाचकाला दचकवण्याचं एक साधन म्हणून.

याहून खूप जुनं एक जपानी चित्र आहे. बाराव्या शतकाच्या अखेरची, निरनिराळ्या व्याधींची चित्रं असलेली एक गुंडाळी आहे, 'यामाई नो सोशी'. तिच्यातल्या एका चित्राची हकीकत अशी : गळ्यात डमरूसारखं वाद्य अडकवून भविष्य सांगत राजधानीत फिरणारा एक माणूस होता. दिसायला पुरुष, पण कधीकधी बायकी वाटणारा. लोकांना कुतूहल होतं. एका रात्री तो झोपलेला असताना लोकांनी गुपचूप त्याचं वस्त्र वर उचलून पाहिलं, तर स्त्री आणि पुरुष दोघांच्याही खुणा त्याच्या अंगावर होत्या. हकीकत इथेच संपते. त्याचं नाव नाही, सकाळी उठल्यावर काय झालं ते नाही. चित्रात तो आडवा पडलाय, कपडे विस्कटलेले, आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर हसू आहे.

तो झोपलेला आहे, हे मला त्या चित्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्याला काही सांगायचं होतं का, हेही कोणाला जाणून घ्यायचं नव्हतं. भाचीने माझ्या मांडीवर ठेवलेल्या पुस्तकातलं ते पात्रही तसंच होतं. शरीर उघड होण्याच्या क्षणी त्याच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. तेव्हापासून अशी कुठलीही मांगा हाती आली की मी एवढंच बघते : कळण्याच्या त्या क्षणी चित्रकार मला कुठे उभं करतो? वस्त्र उचलणाऱ्यांच्या घोळक्यात, की ज्याचं शरीर आहे त्याच्या शेजारी? ही कसोटी धरून जुन्या आवडत्या गोष्टी पुन्हा वाचायला घेतल्या, तेव्हा काही माझ्यासमोर वेगळ्याच होऊन आल्या.

सुरुवात अर्थातच मांगाकार तेझुका ओसामूंच्या राजकन्या सफायरपासून. १९५३ सालची ही मालिका. जन्माआधी स्वर्गात बाळांना हृदयं वाटली जात असतात. मुलांना निळं, मुलींना गुलाबी. टिंक नावाच्या खोडकर देवदूतामुळे सफायरला दोन्ही मिळतात. राज्याचा कायदा असा की गादीवर फक्त मुलगाच बसू शकतो, म्हणून तिला राजपुत्र म्हणून वाढवतात. तेझुकांचं बालपण ताकाराझुका गावात गेलं, जिथल्या नाट्यमंडळीत राजपुत्रांसकट सगळ्या भूमिका बायकाच करतात; ती झळाळी, ते पिसांचे तुरे सफायरच्या अंगावर दिसतात. सफायरचं शरीर नेहमीच्या मुलीचंच आहे, प्रश्न फक्त हृदयाचा. पण त्यातली एक गोष्ट मला लहानपणी वाचली असती तर नक्की रडवून गेली असती : निळं हृदय काढून घेतलं की तिच्या मनगटातली तलवारीची ताकदही जाते. ती ताकद तिच्या स्वतःच्या हृदयाची असू शकते, हे त्या गोष्टीला मान्य नाही. शेवटी लग्न होतं आणि सगळं जागच्या जागी बसतं. तरीही दोन हृदयांची एक मुलगी लाखो जपानी मुलींनी मासिकातून दर महिन्याला वाट पाहून वाचली, याचं मोल मला कमी वाटत नाही.

मग १९७५ साली हागिओ मोतो यांनी फ्रोल नावाचं पात्र काढलं. अंतराळ विद्यापीठाच्या प्रवेशाची शेवटची परीक्षा आहे. दहा जणांच्या तुकडीने एका सोडून दिलेल्या यानात ५३ दिवस काढायचे. यानात चढल्यावर मोजतात तर अकरा. हा अकरावा कोण, यावर सगळी गोष्ट ताणलेली आहे. पण माझं लक्ष दर वेळी फ्रोलवरच खिळतं. सोनेरी कुरळे केस, नाजूक चेहरा, आणि कोणी "बाई" म्हटलं की अंगावर धावून जाणं. फ्रोलच्या ग्रहावर मुलं जन्मतः ना मुलगा असतात ना मुलगी. मोठेपणी ते ठरतं, आणि पुरुष होण्याचा हक्क घरातल्या थोरल्याला. धाकट्यांनी बाई व्हायचं आणि सांगितलेल्या घरी जायचं. ही परीक्षा पास झाली तर पुरुष होण्याची परवानगी मिळणार, म्हणून फ्रोलची ही सगळी धडपड. म्हणजे फ्रोलला पुरुषाचं शरीर हवं आहे की पुरुषाला मिळणारं मोकळं आयुष्य हवं आहे, हे हागिओ मुद्दाम एकमेकांत गुंतवून ठेवतात. पंचविशीतली एक बाई मुलींच्या मासिकात हे लिहीत होती! आणि मुख्य म्हणजे फ्रोलचं शरीर आपल्याला चोरून बघायला लावलेलं नाही. फ्रोल ते चिडून, ओरडून, स्वतःच्या तोंडाने सांगतं. शेवटी नायकाच्या प्रेमापायी फ्रोलचा कल बाई होण्याकडे झुकतो, तिथे मात्र दर वेळी मला पुस्तक मिटावंसं वाटतं. इतकं उघडलेलं दार इतक्या गोडीने का लावून घ्यायचं? पण मग वाटतं, ते झुकणं फ्रोलचं स्वतःचं आहे. सक्तीने लादलेलं बाईपण आणि मनाने निवडलेलं बाईपण या दोन गोष्टी एक नव्हेत. हे दोन्ही मला पटतं आणि दोन्ही एकमेकांशी भांडत राहतं.

पुढच्या पिढीने देहाला थेट हात घातला. मिझुशिरो सेतोना यांच्या, २००४ साली सुरू झालेल्या मालिकेतला माशिरो कमरेच्या वर मुलगा आहे आणि कमरेच्या खाली मुलगी. असं शरीर माणसात नसतं. वैद्यकाशी त्याचा काही संबंध नाही. हे शरीर भीतीचं आहे. शाळेच्या तळघरातल्या दवाखान्यात मुलांना झोपवतात आणि स्वप्नात प्रत्येक जण आपल्या खऱ्या, भेसूर रूपात येतो. माशिरोच्या मनात दुबळेपणा आणि बाईपण यांची अशी घट्ट गाठ बसलेली आहे की पाळी येणं हा त्याला पराभव वाटतो. मुलींच्या मासिकात, मुलींसाठी, एका बाईने हे काढलंय. त्यामुळे वाचताना कळत जातं की ही गोष्ट माशिरोच्या शरीराची कमी आणि वयात येणाऱ्या कुठल्याही मुलीला स्वतःच्या अंगाचा जो राग येतो, त्याची जास्त आहे. कान्नो आया यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या मालिकेत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड येतो. शेक्सपिअरने त्याला कुबड दिलं. २०१२ साली लेस्टर शहरातल्या गाड्यांच्या तळाखाली त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा पाठीचा कणा खरोखरच वाकलेला निघाला. कान्नो यांनी कुबड काढून त्याच्या जागी स्त्री-पुरुष दोन्ही खुणांचं शरीर ठेवलं. आई त्याला जन्मापासून सैतानाचं पोर समजते, आणि तो आरशाकडे पाठ करून जगतो. काळी पिसं, पांढरे गुलाब, रक्त, बर्फ. एकेक पान भिंतीवर लावावं असं. त्या पानांवर मी तासन्‌तास रेंगाळले आहे, आणि तिथेच अस्वस्थही झाले आहे. कुबड काय किंवा असं शरीर काय, शापाची खूण म्हणून दोन्ही सारखीच वापरता येतात, हे तिथे गृहीत आहे. रिचर्डचं दुःख मला आतून कळतं, मी त्याच्या शेजारी उभी असते, यात शंका नाही. पण ते शरीर असलेली खरी मुलगी किंवा मुलगा हे पुस्तक उघडेल, तेव्हा आपलं अंग गुलाबांनी सजवलेला शाप म्हणून काढलेलं पाहून त्याला काय वाटेल?

मला आमच्या जुन्या वाड्यातलं एक बाळ आठवतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या सुनेचं बाळंतपण. आमच्याकडे रीत ठरलेली, मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. डबा उघडायच्या आधी झाकणावरूनच बायका अंदाज बांधायच्या. त्या वेळी डबा आलाच नाही. दोन दिवस, चार दिवस. नळावर पाणी भरताना आवाज खाली आले. "मोठ्या हॉस्पिटलात नेलंय म्हणे" एवढंच कानावर पडलं, आणि मी जवळ गेले की तेही बंद. बाळ जिवंत होतं, दूध पीत होतं, पण अभिनंदन कसं करायचं हे कोणाला कळत नव्हतं, म्हणून कोणी केलंच नाही. काही महिन्यांनी ते बिऱ्हाड खोली सोडून गेलं. ती बाई सामानाच्या टेम्पोत बाळाला पदराखाली घेऊन बसलेली मी पाहिली. बाळाचा चेहरा मी कधीच पाहिला नाही.

त्यामुळे रोकुहाना चियो यांची मालिका पहिल्यांदा हाती आली, तेव्हा ती मी मांगा म्हणून वाचूच शकले नाही. २००३ ते २००९ अशी सहा वर्षं 'किस' नावाच्या मासिकात ती चालली, १७ भाग झाले, २००७ साली तिला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं मानाचं पारितोषिक मिळालं, २०११मध्ये तिच्यावर दूरदर्शन मालिकाही निघाली. सुरुवातीला वेगवेगळ्या माणसांच्या छोट्या कथा येतात आणि मग होशिनो हारूची दीर्घ कथा सुरू होते. ती थेट प्रसूतीपासून. जपानमध्ये बाळाची नोंद १४ दिवसांत कुटुंबाच्या कागदावर करावी लागते, आणि त्या कागदावर मुलगा किंवा मुलगी यांच्या रकान्याखेरीज तिसरं काही नाही. डॉक्टरांचे शब्द, आईच्या अंगातला थकवा, बापाची कागद हातात धरून चाललेली घालमेल, हे सगळं रोकुहाना घाई न करता काढतात. हारूचे आईबाप शस्त्रक्रियेला नकार देतात. मोठेपणी मुलाने स्वतः काय ते ठरवावं, आणि तोवर त्याच्यापासून काही लपवायचं नाही, असं ते ठरवतात. ही गोष्ट पान उलटून दचकवत नाही. हारूचं शरीर आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं, हारूलाही ठाऊक असतं, त्यामुळे उघडकीला आणण्यासारखं काही उरतच नाही. उरतं ते जगणं. पोहण्याचा तास, शाळेची सहल, कोणीतरी आवडू लागणं. कागदावर मुलगी अशी नोंद, म्हणून हायस्कुलात स्कर्ट घालणं भाग. आणि आत मुलगा असल्याची जाणीव रोज त्या स्कर्टशी झगडते.

आपल्याकडे २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा तान्ह्या बाळांवर केवळ एका बाजूला ढकलण्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं, आणि तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी तसा आदेश काढला. जीव वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी. ही बातमी वाचली तेव्हा मला हारूचे आईबाप आठवले आणि टेम्पोत बसलेली ती बाईही. तिला बाळाबद्दल बोलायला एखादं माणूस तरी मिळालं असतं, तर तिने खोली सोडली असती का?

शिमुरा ताकाको यांची, २००२ ते २०१३ चाललेली मालिका शरीराबद्दल नाही, मनाबद्दल आहे, आणि हा फरक इथे ठळकपणे सांगावासा वाटतो. कारण मांगाच्या दुनियेत या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. शुइची नितोरीचं शरीर चारचौघा मुलांसारखंच आहे, पण मनातून शुइची मुलगी आहे. पाचवीतलं हे मूल हळूहळू मोठं होतं. आवाज फुटण्याची धास्ती, पुळ्या, ताईच्या कपाटातले कपडे. शिमुरांची रेषा इतकी विरळ की कित्येक चौकटींत पार्श्वभूमीच नसते, नुसता पांढरा कागद आणि एक कावरंबावरं मूल. त्यांचं एक निरीक्षण मी कधीच विसरणार नाही. वर्गातली एक बिनधास्त मुलगी मुलांचा गणवेश घालून शाळेत येते; लोक थोडे बघतात, काही तर तिचं कौतुकच करतात. तेच धाडस शुइची करतं, मुलींचा गणवेश घालून शाळेत पाऊल टाकतं, आणि सगळी शाळा हसते. शिक्षक घाईघाईने मुलाला बाजूला नेतात. मुलीने वर चढावं, मुलाने खाली उतरू नये, ही समजूत शिमुरा एक शब्दही न सांगता दोन प्रसंग शेजारी ठेवून दाखवतात. ही मालिका चालू असतानाच जपानमध्ये कागदावरचं लिंग बदलण्याचा कायदा आला, २००४पासून लागू झाला. पण मूल जन्माला घालण्याची क्षमता कायमची काढून टाका, मगच नोंद बदलू, अशी त्यात अट होती. ती अट घटनेविरुद्ध आहे हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं. शुइचीसारखी मुलं तोवर तिशीला आली असतील.

आणि कामातानी युहकी. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कशातही न मोजणारे हे चित्रकार. त्यांची ओनोमिची गावातली चार भागांची गोष्ट मी वाचायला सगळ्यांना देते. समुद्राकडे उतरत जाणारी घरं, जिने, मांजरं, पडकी घरं दुरुस्त करणारी माणसांची एक टोळी. तिच्यात मिसोरा नावाचं सहावीतलं एक मूल आहे. मुलींचे कपडे आवडतात, पण मुलगी व्हायचंय का, हे ठाऊक नाही. त्याची मदत करायला निघालेला, स्वतःच मनाने पोळलेला तासुकू नावाचा मुलगा मिसोराला जत्रेत मुलींचा युकाता, म्हणजे उन्हाळी किमोनो, घालून यायला भरीस घालतो. हेतू चांगला. पण जत्रेच्या गर्दीत मिसोराच्या अंगाला कोणाचा तरी हात लागतो, आणि मिसोरा तासुकूवर ज्या पानांत भडकतं, ती पानं वाचताना छाती भरून येते. आधार देणाऱ्यालाही वस्त्र उचलायची घाई असू शकते. "तू नक्की कोण ते सांग, म्हणजे मी तुझ्या बाजूने उभा राहीन," ही अटही एक प्रकारची झडतीच. कामातानी मिसोराला उत्तर द्यायला लावत नाहीत. न ठरवण्यासाठी लागणारा वेळ त्या मुलाला मिळू देतात.

आता एक गोष्ट, जी मला रोकुहानांच्या मालिकेबद्दलच्या माझ्या प्रेमाआड येऊ द्यायची नाही. त्या मालिकेच्या नावातच 'पुरुषही नाही, स्त्रीही नाही' असं म्हटलं आहे, आणि अशा शरीरांनी जन्मलेल्या जपानमधल्या अनेकांना हे वर्णन मंजूर नाही. ते सांगतात, आम्ही साध्यासुध्या बायका आहोत, साधेसुधे पुरुष आहोत. गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा अवयव यांची घडण थोडी वेगळी, इतकंच. आम्हाला मधलं कोणी म्हणू नका, आमच्या शरीरावरून दुसऱ्या कोणाचे वाद सोडवू नका. दुसरीकडे स्वतःला खरोखर मधलं मानणारी माणसंही आहेत, आणि हारूची गोष्ट त्यांना पहिल्यांदा आपली वाटली असेल. दोघांचंही ऐकलं पाहिजे असं मला वाटतं. पण मांगाने आजवर मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या, कारण नाट्य त्यांत आहे. जपानमध्ये १९८९पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात विकार तपासतात; या विकारात मुलींची बाह्य अवयवांची घडण जन्मतः वेगळी दिसू शकते, आणि वेळेत कळलं नाही तर बाळ क्षार कमी होऊन दगावू शकतं. त्या मुली मोठ्या होतात, रोज गोळ्या घेतात, नोकऱ्या करतात, ताप आला की डोस वाढवतात. देवदूत, शाप, दोन हृदयं असलं त्यांच्या वाट्याला काही येत नाही.

मला अशा एका बाईची मांगा वाचायची आहे. ओसाकात राहणारी, तिशीतली, हिशेबाच्या खात्यात काम करणारी, वरिष्ठांशी रजेवरून भांडणारी, घरभाडं वाढलं म्हणून नवी खोली शोधणारी. सकाळी ती गोळी घेते, ती एका छोट्या चौकटीत, डाव्या पानाच्या मध्येच कुठेतरी. आणि त्या शेवटच्या मोक्याच्या चौकटीत घरमालकाचा फोन वाजत असावा, खोली मिळाली की नाही हे कळायला मी पान उलटावं.